खालचा डावा कोपरा

माझं काम रेषा बघण्याचं होतं. काळी रेष, पांढरी रेष, पुन्हा काळी, पुन्हा पांढरी. त्या एकमेकींच्या जवळ येत जातात आणि एका जागी काळं-पांढरं मिटून नुसतं राखाडी होतं. ती जागा कुठली, ते सांगायचं. सतरा वर्षं मी तेवढंच सांगितलं आणि त्यावर घर चाललं.

गावात हे कोणाला पटत नसे. "शालन फोटोच्या कारखान्यात जाते," असं म्हणत. लग्नसराईत एकीनं विचारलंसुद्धा, "आमच्या पोरीच्या लग्नाचं जरा स्वस्तात करून दे की गं." मी हसून खाली बघितलं. तोंडानं समजावून सांगणं मला कधी जमलं नाही. वहीत जमतं, कारण वही मधेच बोलत नाही.

आमचा कारखाना सुप्याच्या एमआयडीसीत. दुकानात, चौकात, पतसंस्थेत भिंतीला लावतात ते कॅमेरे तिथं जोडले जात. कॅमेऱ्यात पुढं लेन्स असते आणि तिच्या मागं करंगळीच्या नखाएवढा एक चौकोनी तुकडा. त्याला सेन्सर म्हणतात. त्या तुकड्यावर डोळ्याला न दिसणारी लाखो घरं आखलेली असतात. प्रत्येक घराचं काम एकच, आपल्यावर उजेड किती पडला ते सांगायचं. एका घरात काळी रेष आणि शेजारच्या घरात पांढरी रेष पडली तर दोन्ही वेगळ्या दिसतात. दोन्ही एकाच घरात शिरल्या, तर ते घर बिचारं काय सांगणार? राखाडी म्हणून मोकळं होतं.

ज्वारीच्या शेताच्या बांधावर उभं राहिलं की पायाजवळचे तास, म्हणजे पेरणीच्या ओळी, वेगवेगळे मोजता येतात. नजर लांब गेली की तास जवळ येतात, आणि त्याच्याही पुढं नुसतं हिरवं. ते हिरवं जिथं सुरू होतं, तिथं आपल्या डोळ्याची हद्द. कॅमेऱ्याची हद्द आम्ही चार्टवर, म्हणजे रेषा छापलेल्या मोठ्या कागदावर, काढायचो.

पण नुसती रेष दिसली म्हणजे झालं नाही. ती किती काळी दिसली आणि शेजारची किती पांढरी, हेही बघावं लागतं. दुधात थोडं थोडं पाणी घालत गेलं तर दूध नेमकं कधी संपलं ते कोणी सांगू शकत नाही, म्हणून आधी ठरवून घ्यावं लागतं. आमच्याकडं ठरलं होतं की काळ्या-पांढऱ्यातला फरक निम्मा उरेपर्यंत मोजायचं. त्याच्या खाली गेलं की दिसत असलं तरी ते दिसणं धरायचं नाही.

या फरकावरून तक्रार घेऊन आलेलं एक गिऱ्हाईक माझ्या चांगलं लक्षात आहे. शिर्डीचे एक पेढेवाले गृहस्थ दुकानातला कॅमेरा फडक्यात बांधून घेऊन आले. खूप चिडलेले. आमचे कुलथे साहेब, म्हणजे माल पास-नापास करण्याच्या खात्याचे मुख्य, त्यांना टेस्टिंगच्या खोलीतच घेऊन आले.

"ह्या कॅमेऱ्यात चेहरा दिसतो, पण माणूस कळत नाही," ते म्हणाले. "गल्ल्यापाशी हात घालणारा माझा मेहुणा आहे का गिऱ्हाईक आहे, ते मला सांगता येईना. मेहुण्याला उगाच बोललो. बायको आठ दिवस झाले बोलत नाही."

मी कॅमेरा लावला. रेषा शेवटपर्यंत वेगळ्या होत्या, पण काळी रेष काळी नव्हती आणि पांढरी पांढरी नव्हती. सगळ्यावर धुरकट साय. मी पुढची काच बोटानं पुसली तर बोट पिवळं झालं आणि चंदनाचा वास आला. साहेबांनी विचारलं, "उदबत्ती कुठं लावता?"

"कॅमेऱ्यासमोरच की. दुकानाची राखण करतो तो. रोज एक फूल आणि एक उदबत्ती, कधी चुकवलं नाही."

साहेब खोकल्याचं निमित्त करून बाहेर गेले. मी अंधारात तोंडाला पदर लावून हसले. त्या माणसाला मी हसले होते, हे इथं लिहून ठेवते, कारण पुढं मी जे केलं ते त्याच्याहून वाईट.

आमची खोली बिनखिडकीची होती, भिंती काळ्या रंगवलेल्या. समोरच्या भिंतीवर चार्ट, त्याच्यावर दोन बाजूंनी सारखा उजेड पाडणारे दिवे, आणि मधे लोखंडी खाचेत एकेक कॅमेरा बसवायचा. पहिली बरीच वर्षं चार्ट काचेच्या चौकटीत होता. मी स्क्रीनवर बघायची आणि रेषा मिटतात तिथला आकडा वहीत लिहायची. इंग्रजी आकडे मी तिथंच शिकले. शाळा चौथीपर्यंतच झाली होती.

मग कंपनीनं मोजणीचा कॉम्प्युटर आणला आणि त्याच्यासाठी नवीन चार्ट आला. त्याच्यावर रेषा नव्हत्या. पाच काळे चौकोन, मुद्दाम थोडे तिरके छापलेले. एक मधे, चार कोपऱ्यांत. कॉम्प्युटर चौकोनाची कड बघतो. काळ्यातून पांढऱ्यात जायला कॅमेऱ्याला किती घरं लागतात, ते मोजतो. एका उडीत गेला तर कॅमेरा तल्लख. रांगत रांगत गेला तर मंद. त्याच्यावरून तो आकडा काढतो. मधल्या चौकोनाला चाळीस आणि कोपऱ्यांना तीस मिळाले की स्क्रीनवर हिरवं, कमी पडलं की तांबडं. मला वाटलं, आता आपलं काय काम? पण कॅमेरा खाचेत बसवायला, धूळ बघायला आणि आकड्यावर लक्ष ठेवायला माणूस लागतोच.

नव्या चार्टला काच नव्हती, कारण काच चमकते आणि मोजणी बिघडते. साहेबांनी पहिल्याच दिवशी बजावलं, "शालनबाई, ह्याला हात लावायचा नाही. फुंकरसुद्धा घालायची नाही." मी मान हलवली.

आता कांताचं सांगते. ती फोकसच्या टेबलावर बसायची. लेन्स आट्यांवर फिरवून सेन्सरपासून बरोबर अंतरावर आणायची, सरळ बसली का बघायचं, डिंकाचा थेंब द्यायचा आणि निळ्या दिव्याखाली वाळवायचं, हे तिचं काम. लेन्स केसभर तिरकी बसली तरी मधलं चित्र चांगलं येतं आणि एखादा कोपरा विरघळतो. कांताच्या हातचे कॅमेरे मी आकडे बघून ओळखायची. चारही कोपरे सारखे, जशी चारी बाजूंनी सारखी भाजलेली भाकरी.

ती पाथर्डीकडची. लग्न झाल्यापासून नवऱ्याबरोबर जोडीनं, म्हणजे दोघांचा मिळून एक कोयता, दर साल ऊस तोडायला जायची. थोरल्या पोरीची शाळा दोनदा मधेच सुटली तेव्हा तिनं हट्ट धरला आणि सुप्यात खोली घेऊन पोरींना घेऊन राहिली. नवरा एकटा टोळीबरोबर जाई. तीन वर्षं झाली होती. ती कंपनीची नव्हती, ठेकेदाराकडून आलेली होती. म्हणजे आज आहे, उद्या कोणी विचारणार नाही.

मला ती आक्का म्हणायची. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडायच्या आधी रोज विचारायची, "आक्का, माज्या क्यामेऱ्याला आज किती मार्कं?"

"कोपऱ्याला चौतीस, पस्तीस."

"बघ! मी साळंत न्हाई गेले, न्हाईतर मास्तरलाच शिकिवलं असतं." आणि माझ्या डब्यातली अर्धी भाजी घेऊन टाकायची.

खंडेनवमीला आमच्या कारखान्यात प्रत्येक टेबल आपल्या हत्याराची पूजा करी. सोल्डरिंगच्या बायका इस्त्रीसारख्या तापणाऱ्या आपल्या कांड्यांची, स्टोअरवाले वजनकाट्याची, पॅकिंगवाल्या टेपच्या चाकाची. टेस्टिंगमध्ये मी एकटी. दर वर्षी मी दिवे पुसायची, खाचेला हळद-कुंकू वाहायची आणि चार्टला खालच्या कोपऱ्यात एक बोट लावायची. माझं पोट त्या चार्टवर होतं, त्याला कसं वगळणार? आधीच्या वर्षांत ते बोट काचेवर लागे आणि दुसऱ्या दिवशी फडक्यानं पुसलं जाई.

त्या साली बोट काचेवर लागलं नाही.

मला कळलंसुद्धा नाही. हात आपला आपण गेला. ओल्या हळदीवर कुंकू, खालच्या डाव्या कोपऱ्यात, काळ्या चौकोनाच्या कडेला लागून. नमस्कार केला, पेढा घेतला, घरी गेले. मधे दसऱ्याची सुट्टी. सुट्टीनंतर दिवे लावले तेव्हा पांढऱ्या चार्टवर तो तांबडा-पिवळा ठिपका दिसला. साहेब यायला अजून अर्धा तास होता. पाणी लावलं तर कागद फुगेल म्हणून मी लेन्स पुसायचं स्पिरिट घेतलं, मऊ कापड घेतलं आणि हळूहळू पुसलं. सगळं निघालं. पांढरं पांढरं, काळं काळं. मी चष्मा लावून बघितलं, चष्मा काढून बघितलं. काही दिसेना. मनात म्हटलं, शालन, सुटलीस.

त्या दिवशी एकोणीस कॅमेरे नापास झाले. सगळे खालच्या डाव्या कोपऱ्यात.

आमच्याकडं एक मास्टर कॅमेरा होता. रोज सकाळी आधी तो लावायचा, म्हणजे मोजणी बरोबर चालली आहे का ते कळतं. पण त्याचा फक्त मधला आकडा वहीत लिहायची पद्धत होती. मधला आकडा रोजच्यासारखाच आला. म्हणून मोजणीवर कोणी शंका घेतली नाही, मीसुद्धा नाही. एकच कोपरा जातो म्हणजे लेन्स तिरकी बसते, हे आमच्यात पोरासोरांनाही ठाऊक. साहेब सरळ कांताच्या टेबलाशी गेले.

त्यांनी तिची खाच बदलली. डिंक बदलला. खुर्ची बदलली. तिच्या मागं उभं राहून दोन दोन तास बघितलं. मागं कोणी उभं राहिलं की चांगल्या बाईचाही हात कापतो. तिसऱ्या दिवशी ठेकेदाराचा माणूस आला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "ऊस तोडणारा हात आहे, लेन्सला कसा चालायचा?"

कांता एरवी त्याला सोडणारी नव्हती. त्या दिवशी तिनं मान खाली घालून पुढची लेन्स उचलली. जेवणाच्या सुट्टीत तिनं मार्कंही विचारली नाहीत. भाकरीचा तुकडा हातात धरून म्हणाली, "आक्का, खरं सांग. आजबी?"

"आजबी."

"त्योच कोपरा?"

"तोच."

तिनं आपली बोटं डोळ्यांसमोर धरली. "काल व्हती तीच बोटं हायेत गं. मग काय झालं ह्यास्नी?" मग म्हणाली, "दसरा झाला. टोळ्या निघाय लागल्यात. मालक म्हनत्यात, तिकडं न्हाई जमत तर चल, जोडीचा कोयता हुईल. पोरींचं काय करू मी?"

दोन दिवसांनी साहेबांनी तिला बाजूला बसवून फोकसला दुसरी बाई बसवली. तिचेही कॅमेरे खालच्या डाव्या कोपऱ्यातच गेले. सगळे म्हणाले, नवी आहे, हिलाही जमेना. मला मात्र ते पटेना. दोन बायका सारख्याच तिरक्या कशा बसवतील?

सुट्टीत सगळे जेवायला गेले तेव्हा मी खोलीतच थांबले. चष्मा पुसताना मला सुचलं. भिंतीवर डाग दिसला तर तो भिंतीवर आहे का चष्म्यावर, हे कसं बघतो आपण? मान वाकडी करतो. डाग मानेबरोबर फिरला तर चष्म्यावरचा, जागेवर राहिला तर भिंतीवरचा. मी एक नापास कॅमेरा घेतला आणि खाचेत उलटा बसवला, वरची बाजू खाली. दोष लेन्सचा असता तर तो कॅमेऱ्याबरोबर फिरला असता आणि स्क्रीनवर त्याच कोपऱ्यात तांबडं आलं असतं. पण कॅमेऱ्याला आता सगळं उलटं दिसत होतं, आणि तांबडं उडी मारून स्क्रीनच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात गेलं. म्हणजे भिंतीवर बघायचं तर तोच चौकोन, खालचा डावा. कॅमेरा फिरला, डाग फिरला नाही.

दुसरा लावला. तिसरा लावला. मग लेन्स तपासायचं भिंग घेऊन चार्टजवळ गेले आणि ती कड बघितली. स्पिरिटनं शाई केसाच्या टोकाएवढी पांढऱ्यात उतरली होती. माझ्या डोळ्याला ती सुरीसारखी सरळ दिसत होती. कॅमेऱ्याला ती विरघळलेली दिसत होती, आणि कॅमेरे खरंच सांगत होते.

हे झालं बुधवारी. मी बोलले सोमवारी.

मधल्या दिवसांत काय केलं, ते मला नीट सांगता येत नाही. केबिनच्या दारापर्यंत दोनदा गेले. एकदा साहेब फोनवर होते, एकदा आत पुण्याचे पाहुणे होते. मी दोन्ही वेळा बरं झालं असं मनात म्हटलं. चार्टला हात लावायचा नाही, हे मला एकटीलाच सांगितलेलं होतं. मी वाक्य जुळवायची, "साहेब, माझ्याकडून", आणि तिथंच थांबायची. रोज वाटायचं, उद्या. आणि रोज मी चांगल्या कॅमेऱ्यांवर नापासची तांबडी पट्टी चिकटवत होते, हे माहीत असून.

शनिवारी सुट्टी व्हायच्या वेळेला ठेकेदाराच्या माणसानं तिला सांगितलं, सोमवारपासून येऊ नका. ती गेटपाशी माझी वाट बघत थांबली होती. रडली नाही. म्हणाली, "हात गेला गं माजा, आक्का. आता कोयताच बरा." मी तिचा हात धरला. तेव्हासुद्धा मी बोलले नाही. आयुष्यात पुष्कळ ठिकाणी मी गप्प बसले, पण ती एक जागा अशी आहे की तिथं परत जाऊन उभं राहावंसं वाटतं.

सोमवारी साहेब गाडीतून उतरत होते तिथंच मी गेले आणि म्हटलं, "साहेब, खोलीत चला." माझा आवाज त्यांनी कधी फारसा ऐकला नव्हता, ते लगेच आले. मी कॅमेरा सरळ लावला, मग उलटा लावला. त्यांनी एकदा स्क्रीन बघितली, एकदा चार्ट बघितला. भिंग मागितलं. बराच वेळ वाकून उभे राहिले.

"ह्याला स्पिरिट कोणी लावलं?"

"मी. आधी कुंकू लावलं, मग स्पिरिट."

"कुंकू?"

"खंडेनवमीचं."

मला वाटलं, आता कामावरून काढल्याचा कागद हातात देतील. पण त्यांनी विचारलं, "तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

"बुधवारपासून."

हे ऐकून ते जवळच्या स्टुलावर बसले. "शालनबाई, चार्ट मी मागवीन, आठ दिवसांत येईल. ती बाई आता कुठून मागवू?" मग आपणहोऊनच म्हणाले, "मीही मास्टरचे कोपरे कधी बघितले नाहीत. कॅमेरा उलटा करायला मला काय झालं होतं?"

त्यांनी ठेकेदाराला फोन लावला. कांताचा फोन बंद. मी संध्याकाळी तिच्या खोलीवर गेले तर कुलूप. शेजारीण म्हणाली, कालच पहाटे मालकाबरोबर ट्रॅक्टरमध्ये बसून गेली, पोरी बरोबर, श्रीगोंद्याकडं.

जुना काचेचा चार्ट काढून आम्ही तांबडी पट्टी लावलेले सगळे कॅमेरे पुन्हा बघितले. कांताच्या हातचे दोन सोडून सगळे पास. साहेबांनी तिची जागा राखून ठेवायची असं ठेकेदाराला माझ्यासमोर सांगितलं आणि मला म्हणाले, "निरोप तुम्हीच द्या. फोनवर नको."

रविवारी मी एसटीनं श्रीगोंद्याला गेले. तिथून साखर कारखान्याच्या गाडीतळावर. पाथर्डीची टोळी कुठं उतरली, हे चार अनोळखी पुरुषांना विचारणं मला जड गेलं, पण विचारलं. ओढ्याच्या कडेला दहा-बारा कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, होत्या. दुपारची वेळ. फडातून आलेली माणसं जेवायला बसली होती. कांता चुलीपाशी होती, पाचटानं हात कापलेले, डोक्याला फडकं.

"आक्का? तू कशी काय इथं? कोन गेलं का काय?"

मी उभ्या उभ्याच सांगितलं. कुंकू, स्पिरिट, कड, उलटा कॅमेरा. ती ऐकत होती. मधे एकदाच बोलली, "बुदवारी कळलं व्हतं तुला? आनि मी शनिवारी तुज्याम्होरं हुबी व्हते गेटावर."

"हो."

तिनं तोंड फिरवलं आणि चुलीत जाळ सारत बसली. मी तशीच उभी. तिची धाकटी पोरगी येऊन माझ्या पिशवीत काय आहे ते बघायला लागली. कांता मागं न बघता म्हणाली, "म्हंजी माजा हात बरा व्हता."

"बरा होता. आकडे आहेत वहीत."

"एक बी लेन्स तिरकी न्हवती?"

"दोन होत्या. बाकी सगळ्या सरळ."

"त्या दोन त्यो सायब टोणग्यावानी मागं हुबा व्हता तवाच्या." ती एकदम उठली. माझ्या दंडाला धरून तिनं मला कोप्यांच्या मधोमध आणलं, जिथं सगळे जेवत होते. "हितं सांग. सगळ्यास्नी सांग. रोज ऐकतीया मी, कारखान्यानं हाकललं, कारखान्यानं हाकललं. माज्या जाऊनं तर गानंच केलंय त्याचं."

पंधरा-वीस माणसं घास हातात धरून माझ्याकडं बघत होती. मुकादम, तिचा नवरा, जाऊ, म्हाताऱ्या बायका. कांतानं दंड सोडला नव्हता.

मी म्हटलं, "कांताच्या हातात खोट नव्हती. कारखान्यात तिच्यासारखा हात कोणाचा नाही. चूक मी केली आणि ती लपवली. तिला काढलं ते माझ्यामुळं."

एक म्हातारी म्हणाली, "काय चुकी केलीस गं बाई?"

"कागदाला कुंकू लावलं."

"आन् तेवढ्यानं क्यामेरा आंधळा झाला?" म्हातारी इतकी हसली की तिला ठसका लागला. "आमी तर कोयत्याला लावतो. त्याची धार न्हाई जात ती!" सगळेच हसले. कांताचा नवरा हसला नाही. तो बायकोकडं बघत होता आणि पुन्हा पुन्हा म्हणत होता, "मी म्हनलं व्हतं तुला. मी म्हनलं व्हतं, हात न्हाई जायाचा तुजा." त्यानं खरंच म्हटलं होतं का, देव जाणे. कांतानं त्याला मान हलवून होकार दिला.

पण लगेच माझ्याबरोबर निघणं तिला शक्य नव्हतं. जोडीनं आलेल्या कोयत्यातलं एक माणूस गेलं की दुसऱ्याला काम उरत नाही, आणि मुकादमानं ते स्वच्छ सांगितलं. साहेबांनी जागा राखली आहे म्हटल्यावर ती म्हणाली, "पट्टा पडला, उसाचा हंगाम सपला की येते. चार-पाच म्हैनं. सायबाला सांग, खुर्ची माजी जुनीच ठिवा." मग ती पोरींकडं बघायला लागली. थोरली पाचवीत, धाकटी तिसरीत. दोघी दुपारच्या उन्हात पाचटाच्या ढिगावर बसल्या होत्या.

येताना एसटीत मी जे ठरवलं होतं, ते आता बोलायचं होतं, आणि माणसांसमोर बोलण्यापेक्षा ते मला अवघड गेलं. "कांता, पोरींना माझ्याकडं ठेव. मुलगा-सून चाकणला आहेत, घरात मी एकटीच. माझ्या गावावरून सुप्याला एसटीनं शाळेत नेईन-आणीन. तू येईपर्यंत."

तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी लेन्स आहे आणि सरळ बसले का तिरकी ते तिला बघायचं आहे. मग कोपीत शिरली. आतून भांड्यांचा, डब्यांचा आवाज येत राहिला. बाहेर आली ती पोरींचे कपडे एका गाठोड्यात बांधून आणि दोन्ही दप्तरं हातात घेऊन. एकेक दप्तर तिनं माझ्या एकेका खांद्यावर अडकवलं, पट्टा सरळ केला आणि म्हणाली, "आठ दिस खाडा झालाय दोघींचा. साळंतल्या बाई लई कडक हायेत, खडसावून इचारत्याल, कुटं व्हत्या म्हनून. मी न्हाई तिथं. तूच बोल."